तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

12 सप्टेंबर, सोमवार. सकाळी 6.40
आज विद्यापीठाचा पहिला दिवस. आधुनिक आयर्लंडचा इतिहास, साहित्य आणि संस्कृती. एम.ए., एक वर्ष. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, पण दर दुसऱ्या गुरुवारी चौकात येणारी लायब्ररीची गाडी मी शेल्फाशेल्फाने वाचून काढली आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं, काय काय वाचलंय? मी सांगितलं, डावी बाजू सगळी. उजवीकडचं खालचं शेल्फ राहिलंय, तिथे बागकाम आहे. घेतलं त्यांनी.

नणंदेला, अट्रॅक्टाला, काल सांगितलं. ती म्हणाली, "हे झाल्यावर तू काय होणार?" म्हटलं, "एम.ए." म्हणाली, "ते कळलं गं. पण त्याचं करणार काय?" उत्तर दिलं नाही. ती शेजारच्याच घरात राहते, पुन्हा विचारेल.

संकल्प: रोज पाचशे शब्द. म्हणजे वर्षाचे एक लाख ब्याऐंशी हजार पाचशे. प्रबंध हवा फक्त पंधरा हजारांचा. उरलेल्यांचं पुस्तक करता येईल.

12 सप्टेंबर. संध्याकाळी
शब्द: शून्य. पहिला दिवस मोजायचा नसतो.

4 ऑक्टोबर, मंगळवार
मार्गदर्शक मिळाली. डॉ. विलेमिन. हॉलंडची, चाळिशीचीही नसेल. आयरिश भाषा माझ्याहून चांगली बोलते, पण ते मी तिला कळू दिलं नाही. म्हणाली, "मला नुसतं विलेमिन म्हणा." मी म्हटलं, "बरं, डॉक्टर."

माझा विषय सांगितला: आयरिश माणसाचं मन, 1798 पासून आजपर्यंत. तिने पेन खाली ठेवलं. भारावली असावी. मग म्हणाली, "थोडं कमी करता येईल का? एखादं शतक?" एक शतक सोडलं. माझ्याकडे दोन होती.

तिने विचारलं, "कॉफी घेणार?" मी म्हटलं, "नको नको, उगाच कशाला." ती म्हणाली, "बरं," आणि स्वतःपुरती कॉफी करून माझ्यासमोर प्यायली.

बिचारी. परक्या देशात वाढलेली. कुणी शिकवलंच नसणार.

20 ऑक्टोबर, गुरुवार
शतकाचं दशक झालं. मी म्हटलं, दशकात मन कसं मावणार? ती म्हणाली, "मन नकोच. एखादी दिसणारी गोष्ट घ्या. लोक करतात अशी." बसमध्ये विचार केला. घरी येईपर्यंत विचार करायचं ठरवलं होतं, पण किलरशच्या पुढे झोप लागली.

कॉफी: विचारलं, नको म्हटलं, मिळाली नाही. बहुतेक तिच्याकडे पूडच कमी असेल.

10 नोव्हेंबर, गुरुवार
विषय ठरला. घरची मिस्सा. पश्चिम क्लेअर, 1950 ते 1970. वसंतात एकदा आणि शरदात एकदा फादर चर्चऐवजी वाडीतल्या एका घरी येऊन मिस्सा, म्हणजे आमची उपासना, म्हणतात, सगळे शेजारी गुडघे टेकतात आणि नंतर त्या घरी न्याहारी होते. हे चर्चमुळे, गरिबीमुळे की शेजाऱ्याचं स्वयंपाकघर आतून बघायला मिळावं म्हणून टिकलं, असा माझा प्रश्न आहे. डॉक्टरना आवडला. "हाच!" म्हणून टेबलावर हात मारला.

मी प्रथम श्रेणीच्या खाली समाधान मानणार नाही. पंधरा हजार शब्द, रोज शंभर, एप्रिलमध्ये मोकळी. उन्हाळ्यात विश्रांती.

आता जाताना थर्मास नेते.

15 डिसेंबर, गुरुवार
पहिल्या निबंधाचे मार्क आले. अठ्ठावन्न. शेरा: "लेखिकेचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, कधीकधी फारच." जपून ठेवला आहे.

शब्द: बारा. शीर्षक.

1 जानेवारी, रविवार
मिस्सेनंतर फादर हेशन यांनी यंदाची पाळी वाचून दाखवली. वसंतात कॉन्सिडाइनांकडे. शरदात, 21 सप्टेंबरला, हेहिरांकडे. म्हणजे माझ्याकडे.

वाडीत अकरा घरं, वर्षाला दोन, म्हणजे साडेपाच वर्षांनी येणारच होती. मागच्या वेळी रंग नवऱ्याने, मॅलकीने, दिला होता. वरच्या खिडकीच्या चौकटीवर थांबला होता आणि म्हणाला होता, फादर काही वर येत नाहीत. चौकटीचा वरचा अर्धा भाग अजून जुन्या रंगाचा आहे. तो गेला त्याला फेब्रुवारीत तीन वर्षं होतील.

प्रबंध 31 ऑगस्टला द्यायचा, मिस्सा 21 सप्टेंबरला. मध्ये तीन आठवडे. रंगाला भरपूर. याहून चांगला योग जुळला नसता. अट्रॅक्टा म्हणाली, "घर दाखवायच्या आधी रंग लागतो, डिम्फना, प्रबंध नाही." तिच्या घरची मिस्सा दोन वर्षांपूर्वी झाली. तिने छपराच्या पन्हाळीच्या मागच्या बाजूलाही रंग दिला होता, आणि कुणी बघितलं नाही म्हणून फादरना शिडीवर चढवलं होतं.

1 फेब्रुवारी, बुधवार
मुलाखतींची तयारी सुरू. डॉक्टरनी विचारलं, माणसं कशी निवडणार? मी सांगितलं, दुधाच्या मार्गाने. मॅलकी चौतीस वर्षं क्रीमरीचा दुधाचा टँकर चालवायचा. त्याचा सकाळचा मार्ग मला पाठ आहे: कॉन्सिडाइन, मग वरचे मॅकइनर्नी, मग विहिरीजवळचं घर, मग खाली खाडीपर्यंत. एकवीस घरं. डॉक्टर म्हणाल्या, याला पद्धत म्हणतात. मी म्हटलं, आम्ही सोमवार म्हणतो.

25 फेब्रुवारी, शनिवार
पहिली मुलाखत, विनी कॉन्सिडाइन. वय अठ्ठ्याऐंशी, कान एक. मी विचारलं, 1958 च्या मिस्सेला न्याहारीला काय होतं? ती म्हणाली, "अंडी. सगळ्यांना अंडी, फादरना दोन. पण तुझा मॅलकी आला होता तेव्हाची मिस्सा सांगू?" मी म्हटलं, "विनी, ते ऐंशीचं असेल. माझा अभ्यास सत्तरला संपतो." ती म्हणाली, "तुझा अभ्यास संपू दे. माझं संपलं नाही."

मग तिने सांगितलं. ऐन मिस्सेत मॅलकी दूध न्यायला आला. आत आला तर सगळे गुडघ्यावर. परत कसा जाणार? रबरी बुटांसकट दाराशी गुडघे टेकले. बाहेर टँकर चालू. त्या वेळचे फादर लांबलचक बोलणारे, नरकाच्या वर्णनात शिरले होते. एका श्वासासाठी ते थांबले तेवढ्यात मॅलकीने प्रार्थना संपल्यासारखं जोरात "आमेन" म्हटलं. सवयीने सगळी वाडी "आमेन" म्हणाली, आणि फादरना पुढे जाताच येईना. "नरक तिथेच राहिला गं," विनी म्हणाली, "आणि अंडी गरम मिळाली."

चौदा मिनिटं. अभ्यासाच्या दृष्टीने उपयोग नाही.

28 फेब्रुवारी, मंगळवार
विनीचं रेकॉर्डिंग उतरवायला बसले. अचूकतेसाठी चौदा मिनिटं पुन्हा ऐकली.

2 मार्च, गुरुवार
पुन्हा ऐकली. टँकरचा आवाज विनी तोंडाने काढते तो बरोबर जमलाय.

18 एप्रिल, मंगळवार
एकवीसपैकी सतरा घरं झाली. सव्वीस तास रेकॉर्डिंग. प्रत्येक घरी केक. प्रत्येक घरी पहिल्यांदा नको म्हणते, दुसऱ्यांदा नको म्हणते, तिसऱ्यांदा "बरं, अगदी लहान तुकडा" म्हणते आणि मोठा तुकडा मिळतो. एवढी साधी गोष्ट आहे.

कॉन्सिडाइनांकडची मिस्सा झाली. न्याहारी: हॅम, सॉसेज, तीन प्रकारचे ब्रेड, सफरचंदाचा टार्ट. स्वयंपाकघर पिस्ता रंगाचं. त्या रंगाबद्दल नंतर गाडीत अट्रॅक्टा आणि मी बोललो. त्याची नोंद प्रबंधात नको.

डॉक्टरनी एक मुलाखत ऐकली. म्हणाल्या, "उत्तम आहे. पण निम्म्याहून जास्त तुमच्या नवऱ्याबद्दल आहे." म्हटलं, "लोक विषय सोडून बोलतात." त्या म्हणाल्या, "मग तेवढं कापा, आणि उरलेलं उतरवा. एवढंच काम आहे."

एवढंच आहे.

शब्द: सातशे दहा. पायाभरणी.

27 मे, शनिवार
कापायला बसले. बाहेर ऊन. स्वयंपाकघराच्या दाराचा रंग पोपडे धरतोय असं दिसलं. दार म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. नंतर कापायला मोकळी.

30 मे, मंगळवार
दार झालं. पण नवं दार आणि जुनी चौकट बरी दिसत नाही.

13 जून, मंगळवार
चौकट, मग भिंत, मग समोरची भिंत. हे खरं म्हणजे प्रत्यक्ष अभ्यास आहे. मिस्सेच्या आधी यजमान स्त्री घराला रंग का देते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. हात दुखल्यावर कळतं. तिसरं प्रकरण यावरच करीन.

अट्रॅक्टा शिडी धरायला आली. म्हणाली, "किती झालं?" म्हटलं, "स्वयंपाकघर आणि दिवाणखान्याची एक बाजू." म्हणाली, "मी प्रबंधाचं विचारतेय." म्हटलं, "नऊशे." तिने शिडी सोडून कमरेवर हात ठेवले. मी वर होते.

26 जून, सोमवार
जळणाचं पीट वाळलं, घरी आणायला हवं. ते काही प्रबंधासाठी थांबत नाही. दोन दिवस.

29 जून, गुरुवार
चार दिवस झाले. पाठ.

6 जुलै, गुरुवार
महत्त्वाचा दिवस. डॉक्टरनी विचारलं, "किती लिहून झालं?" मी सांगितलं, "आकार येतोय." मग त्यांनी स्वतःहून विचारलं, "जानेवारीपर्यंत मुदतवाढ हवी का? अर्ज मी करून देते. सोपं आहे."

काय सांगू, मनावरचा दगड उतरला. जानेवारीपर्यंत मी दोनदा लिहून काढीन. मी म्हटलं, "अहो नको नको. तुम्हाला उगाच त्रास."

त्या म्हणाल्या, "छान. मग 31 ऑगस्ट."

पहिला नकार नीट झाला. फार जोरात नाही, फार मऊ नाही. आता पुढच्या भेटीत विचारतील.

7 जुलै, शुक्रवार
अट्रॅक्टाला सांगितलं. संभाषण असं:
"तुला मुदत पाहिजे की नको?"
"पाहिजे."
"मग तू नको का म्हणालीस?"
"पहिल्यांदाच विचारलं त्यांनी."
"हां," ती म्हणाली. तिला पटलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण ती डच आहे."
मी म्हटलं, "डच असली तरी माणूसच आहे ना."

20 जुलै, गुरुवार
भेट. विचारलं नाही. मी पुष्कळ वाव दिला. सुस्कारा टाकला. मनगट चोळलं. घराची अजून पुढची भिंत बाकी आहे म्हणून सांगितलं. म्हटलं, "वेळ कसा जातो, नाही का?" त्या म्हणाल्या, "हो, आणि तरी तुम्ही मुदत घेतली नाहीत. वर्गातल्या सहा जणांनी घेतली. मला तुमचं फार कौतुक वाटतं."

आता कौतुकामुळे आणखी अवघड झालं. पण दुसऱ्यांदा विचारतील. घाई करणारी बाई नाही.

7 ऑगस्ट, सोमवार. बँक हॉलिडे
पुढची भिंत पांढरी, फाटक चंदेरी, कोंबड्यांचं खुराडं हिरवं. खुराड्याचं आतूनही. अट्रॅक्टा म्हणाली, "फादर आत जाणार आहेत का?" म्हटलं, "कोंबड्या जातात."

शब्द: एक हजार शंभर. आज ठरवलं: उद्यापासून रोज सहाशे. चोवीस दिवस. चौदा हजार चारशे. अधिक अकराशे. पंधरा हजार पाचशे. पाचशे जास्तच होतात.

8 ऑगस्ट, मंगळवार
दुसरं रेकॉर्डिंग, वरचे मॅकइनर्नी. त्यांच्या गल्लीत मॅलकीचा टँकर बर्फात अडकला ते साल. मॅकइनर्नी म्हणतात, "तो उतरला, चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, किटली चालू आहे का?" कापायचं इथून, असं ठरवलं होतं. त्याच्या आधीही त्यांच्या बायकोचं हसणं आहे, ते त्याचंच आहे. मग कापायचं नक्की कुठून, ते कळेना. थांबले.

शब्द: अकराशेच.

15 ऑगस्ट, मंगळवार
मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. काम नाही. डॉक्टरचा ईमेल आला: "सगळं वेळेवर चाललंय ना?"

हेच ते दुसऱ्यांदा विचारणं. मी लगेच लिहिलं: "अगदी वेळेवर, काळजी करू नका." आता फक्त तिसरं राहिलं.

22 ऑगस्ट, मंगळवार
तिसरं आलं नाही. त्या हॉलंडला गेल्या असतील.

अट्रॅक्टा केक घेऊन आली. म्हणाली, "डिम्फना, ती विचारणार नाही." मी म्हटलं, "विचारेल." म्हणाली, "मग तिला फोन करून तूच सांग की हवं आहे." मी म्हटलं, "म्हणजे मी तिच्या घरी जाऊन चहा मागू?" तिने केक कापायला घेतला. असं कुणी केलेलं आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. डॅन हेहिर नावाच्या काकांनी एकदा केलं होतं, पण ते बारा वर्षं बोस्टनमध्ये राहून आले होते.

29 ऑगस्ट, मंगळवार
फोन हातात घेतला. ठेवला. वरच्या खिडकीच्या चौकटीचा उरलेला अर्धा भाग रंगवायचा म्हणून शिडी लावली. चढले. ब्रश बुडवला. मग खाली उतरले. ते तसंच राहू दे.

31 ऑगस्ट, गुरुवार. दुपारी 2.15
विद्यापीठाच्या ऑफिसात फोन केला. सरळ म्हटलं, मला मुदतवाढ हवी आहे. आयुष्यात पहिल्यांदा असं काही मागितलं. पलीकडची मुलगी फार गोड होती. म्हणाली, "अगं बाई. अर्ज अठराला बंद झाले हो. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "एकदाच."

1 सप्टेंबर, शुक्रवार
डॉक्टरचा फोन. चिडल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. "मी विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात." मी सांगितलं की पहिलं नको म्हणजे नको नसतं. दुसरंही नसतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं सांगतो. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ती कॉफी सुद्धा?"

मी म्हटलं, "सगळीच्या सगळी."

"अकरा महिने?"

"थर्मास होता माझ्याकडे."

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. पुन्हा नाव घालून पुढच्या ऑगस्टमध्ये प्रबंध द्यायचा. नाहीतर वर्गाचे विषय पास आहेत, त्यावर आताच डिप्लोमा घ्यायचा. एम.ए. नाही, डिप्लोमा. म्हणाल्या, "अजून एक वर्ष घ्या. सव्वीस तास मुलाखती आहेत तुमच्याकडे. फक्त कापून उतरवायच्या आहेत."

मी म्हटलं, "डिप्लोमा द्या." त्या म्हणाल्या, "हे पहिलं नको आहे का?" मी म्हटलं, "नाही, डॉक्टर. हे हो आहे. मला ते कापता येत नाही." त्या म्हणाल्या, "वेळ लागतो म्हणून?" मी म्हटलं, "वेळ नाही लागत. जानेवारीपर्यंत दिलं असतं तरी जमलं नसतं."

हे मी आधी कुठे लिहिलेलं दिसत नाही. असो.

फोन ठेवण्यापूर्वी त्यांना मिस्सेला बोलावलं. लगेच "हो, नक्की" म्हणाल्या. पहिल्याच विचारण्याला. सवय होईल आपल्याला.

21 सप्टेंबर, गुरुवार
घरची मिस्सा. पस्तीस माणसं. घर असं दिसत होतं की विनी कॉन्सिडाइन आत येताच म्हणाली, "हे कुणाचं घर?" याहून मोठा मान नाही.

फादर हेशन थोडक्यात बोलले. मॅलकीचं नाव घेतलं. मी पुढच्या ओळीत होते, हॅम ओव्हनमध्ये होतं, मला बरंच बघायचं होतं.

न्याहारीला डॉक्टर माझ्या टेबलाशी. अट्रॅक्टाने विचारलं, "टार्ट?" डॉक्टर म्हणाल्या, "हो." विनीने कप खाली ठेवला. अट्रॅक्टाने विचारलं, "क्रीम?" "हो, भरपूर." विनी मला म्हणाली, "हिला कुणीच वाढवलं नाही का?" पण दहा मिनिटांत बायका डॉक्टरभोवती. कुणीतरी विचारायचं, ती हो म्हणायची, सगळ्या हसायच्या. मॅकइनर्नीबाईंनी तर गंमत म्हणून पाचवा सॉसेज विचारला. तोही खाल्ला.

नंतर त्यांनी वही काढली आणि मला विचारत बसल्या: तीनदाच का? चौथ्यांदा विचारलं तर? पाहुणा खरंच नको म्हणत असेल तर कसं कळतं? मी सगळं सांगितलं. एक फॉर्म होता, त्यावर सही केली. जाताना म्हणाल्या, "मी यावर एक लेख लिहिणार आहे. तुमच्याशिवाय तो होणारच नाही."

22 सप्टेंबर, शुक्रवार
"तुमच्याशिवाय तो होणारच नाही." विद्यापीठाच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे. दोन लेखिका. त्यांचं नाव आधी येईल, ते ठीक आहे, त्या डॉक्टर आहेत. मग माझं. डिम्फना हेहिर.

एम.ए. नसलं तर नसू दे. एम.ए. वाडीत आणखी दोघांकडे आहे. छापलेलं नाव कुणाकडेच नाही, एकट्या फादरचं परगण्याच्या पत्रकात येतं, आणि ते तेच छापतात.

23 नोव्हेंबर, गुरुवार
पदवीदान. डिप्लोमा. झगा भाड्याचा, टोपी मोठी. अट्रॅक्टा आली होती. फोटोत मी हसते आहे, ती माझ्या टोपीकडे बघते आहे. घरी येताना बसमध्ये तिने ड्रायव्हरला सांगितलं, "ही आता विद्यापीठाची आहे." ड्रायव्हर म्हणाला, "पास आहे का पण?"

फादर हेशन यांनी रविवारी अभिनंदन केलं आणि चुकून डॉक्टरेट म्हणाले. दुरुस्त करायला उठणं बरं दिसलं नसतं.

9 फेब्रुवारी, शुक्रवार
मॅलकीची चार वर्षं झाली. सकाळी मिस्सा, मग कबरीवर. घरी येऊन मॅकइनर्नींचं रेकॉर्डिंग ऐकलं. आता कापायचं नाही म्हटल्यावर आरामात ऐकता येतं.

डॉक्टरचा ईमेल: लेख स्वीकारला गेला. एप्रिलमध्ये छापून येईल, एक प्रत पाठवते. मी उत्तर दिलं, "अहो, प्रत कशाला, उगाच खर्च." लगेच त्यांचं उत्तर: "प्रत हवी का? प्रत हवी का? प्रत हवी का?" शिकते आहे.

3 एप्रिल, बुधवार
तयारी. लोक अभिनंदन करतील तेव्हा काय म्हणायचं ते ठरवलं. "काही नाही हो, थोडा हातभार लावला." आरशासमोर म्हणून बघितलं. "थोडा" जरा कमी वाटतो. "हातभार लावला" पुरे.

लायब्ररीच्या गाडीवरच्या बाईला सांगून ठेवलं की एक मासिक येणार आहे, डाव्या बाजूला जागा करा. पोस्टमनला सांगितलं. विनीला सांगितलं, म्हणजे खाडीपर्यंत सगळ्यांना कळलं.

11 एप्रिल, गुरुवार. सकाळी 11.30
आलं. अट्रॅक्टा आणि विनी हजर होत्या, किटली चालू होती. पाकीट मी सुरीने उघडलं, फाडलं नाही.

मुखपृष्ठावर लेखाचं नाव, खाली डॉ. विलेमिनचं. एकटीचं. अट्रॅक्टा म्हणाली, "तुझं मागे असेल." मागे जाहिरात होती. पानं उलटली. एकोणतीस पानं. कॉफी आहे, थर्मास आहे, मुदतवाढ आहे, खुराडं आहे, तेही आतून. विनी म्हणाली, "मोठ्याने वाच." वाचलं. दोघी हसून हसून रडल्या, मीही. लेख चांगला आहे. बाईला लिहिता येतं. पण माझं नाव कुठे नाही.

शेवटी सतराव्या पानावर, अगदी खाली, मुंगीच्या अक्षरात एक तळटीप सापडली. अट्रॅक्टाने चष्मा दिला.

"माहिती देणारी: स्त्री, विधवा, वय 68, पश्चिम क्लेअर."

विनी म्हणाली, "एवढंच?" अट्रॅक्टा म्हणाली, "हिनेच फॉर्मवर सही केली होती ना, नाव नको म्हणून." मला आठवलं. फॉर्मवर एक प्रश्न होता, नाव छापायचं का. मी नको म्हटलं होतं. तो कागद होता, पुन्हा विचारणार कसा?

दोघी गेल्यावर ती ओळ परत वाचली. डॉक्टरना पत्र लिहायला बसले आहे. वय चुकलं आहे, तेव्हा मी सदुसष्टची होते. बाकी बरोबर आहे.